पालकत्व कशासाठी?

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझी लेक अठरा वर्षांची झाली आणि तिच्या वतीनं सही करायचा माझा हक्क त्याच दिवशी संपला. मला हे कळलं महिनाभरानं, बँकेत गेल्यावर.

घरात तिला सगळे माई म्हणतात, इथेही तेच नाव लिहिते. बाळंतपण अडलं, बाळ उशिरा रडलं. मान धरायला, बसायला, चालायला, सगळ्यालाच उशीर झाला. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या पोरांची वजनं-उंच्या घ्यायच्या आणि कोण मागं पडतंय ते रजिस्टरात लिहायचं, हे माझं रोजचं काम. पण स्वतःच्या लेकीचं नाव त्या रकान्यात लिहायला माझा हात दोन वर्षं धजला नाही. पुढे पुण्याला दाखवलं, चाचण्या झाल्या आणि बौद्धिक अक्षमता असं निदान झालं. तालुक्याच्या गावी विशेष शाळा आहे, तिथं ती सातव्या वर्षापासून जाते. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०२१ मध्ये ते गेले. विम्याचे पैसे आले, त्यातले चार लाख मी माईच्या नावानं ठेवीत टाकले. व्याजातून तिची रिक्षा आणि फिटच्या गोळ्या भागायच्या.

ठेवीची मुदत संपली म्हणून तिला घेऊन बँकेत गेले. समोरचे साहेब म्हणाले, "बाई, ती आता सज्ञान झाली. तिनं सही करायची."

"तिला सही येत नाही. अंगठा चालेल?"

त्यांनी माईकडे पाहिलं. ती काउंटरला दोऱ्यानं बांधलेलं पेन ओढून बघत होती. "अंगठा चालतो, पण व्यवहार तिला कळला पाहिजे. नाहीतर पालकत्वाचा आदेश आणा कोर्टातून."

"अहो, मी आई आहे तिची."

"ती लहान होती तोवर."

आई म्हणून मी पालक होते ती फक्त ती अज्ञान असेपर्यंत. सज्ञान माणसाच्या वतीनं दुसऱ्या कुणी, अगदी आईनंही, आपोआप व्यवहार करायचा नसतो. साहेब कायद्याचंच बोलत होते. पण बँकेच्या पायरीवर बसून मी रडले. जिचे केस आजही मीच विंचरते, तिच्यासाठी मी कोण, हे आता कागदानं ठरणार होतं.

शाळेतल्या समाजसेविका ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोर्टात कशाला? नॅशनल ट्रस्टचं पालकत्व घ्या. कलेक्टर ऑफिसात मिळतं."

दिल्लीतल्या संस्थेचं पालकत्व आमच्या कलेक्टर ऑफिसात कसं मिळेल, हे मला कळेना. मग ताईंनी दोन-तीन बैठकांत समजावलं. १९९९ मध्ये संसदेनं एक कायदा केला आणि त्यातून राष्ट्रीय न्यास, म्हणजेच नॅशनल ट्रस्ट, ही संस्था उभी राहिली. ती केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली, दिव्यांग सक्षमीकरण विभागाकडे आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चारच प्रकारांसाठी हा कायदा आहे. (मतिमंदत्व हा शब्द आता कुणी वापरत नाही आणि वापरूही नये, पण कायद्याच्या नावात तो अजून आहे.) सरकारनं सुरुवातीला १०० कोटींचा निधी एकदाच दिला. जिल्ह्याजिल्ह्यात न्यासाची कचेरी नाही. तिथली कामं दोन जण करतात. एक म्हणजे न्यासाकडे नोंदलेल्या संस्था, आणि दुसरी स्थानिक स्तर समिती. या समितीत तीन माणसं असतात: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती. पालक कोणाला नेमायचं ते ही समिती ठरवते. वकील लागत नाही, कोर्टाची तारीख पडत नाही.

तिसरा माणूस दिव्यांगच असला पाहिजे, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. त्याचं मोल मला समितीपुढे उभी राहिल्यावर कळलं.

पण त्याआधी दाखला. माईचं जुनं प्रमाणपत्र अठरा वर्षांपर्यंतचं होतं. लहानपणी दिलेला दाखला ठरावीक वयांना नव्यानं करावा लागतो. अठरानंतर जो मिळतो तो मात्र कायमचा. आता सगळं केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर. महा ई-सेवा केंद्रात बसून अर्ज भरला, आधार आणि फोटो जोडला, पावती घेतली. सरकारी रुग्णालयात दिव्यांग तपासणी आठवड्यातून एकाच दिवशी. पहाटे साडेपाचच्या एसटीनं निघालो. तिथं सांगितलं, मानसशास्त्रज्ञ रजेवर, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या खेपेला नंबर लागला तो दुपारी अडीचला. माई तोवर कंटाळून जमिनीवर बसली होती. लोक तिला ओलांडून जात होते.

चाचणी म्हणजे बहुतेक प्रश्न मलाच. सामाजिक परिपक्वता मोजायची तर आईला विचारतात. ती एकटी रस्ता ओलांडते का? सुट्टे पैसे मोजते का? घड्याळ कळतं का? आजारी पडली तर काय होतंय ते सांगते का? मी एकेका प्रश्नाला "नाही" म्हणत गेले. माई शेजारीच बसली होती. तिला काय कळत होतं आणि काय नाही, मला माहीत नाही, पण चौथ्या-पाचव्या "नाही"ला तिनं माझा हात सोडला. दाखला मिळवायचा तर जे येत नाही तेच सांगावं लागतं, हे डोक्याला पटतं. तिच्यासमोर ते सांगावं लागू नये, इतकी सोय मात्र सहज करता येईल. आईला पाच मिनिटं आत बोलवायचं आणि लेकरू तेवढा वेळ बाहेर बसवायचं.

निकाल आला मध्यम स्वरूपाची अक्षमता, ७५ टक्के. चाळीस टक्के किंवा त्याहून वर असलं की बहुतेक योजना लागू होतात. काही आठवड्यांनी पोस्टानं कार्ड आलं, पिवळ्या पट्टीचं. चाळीसच्या खाली पांढरी पट्टी, चाळीसपासून पुढे पिवळी आणि ऐंशीपासून वर निळी. कार्डावरचा तो लांबलचक क्रमांक देशभर चालतो. पूर्वी प्रत्येक खिडकीवर वेगळा दाखला दाखवावा लागायचा, ते आता नाही. ही सुधारणा खरी आहे.

आता पालकत्वाचा अर्ज. तो न्यासाच्या संकेतस्थळावर भरतात, आमच्याकडे त्याची छापील प्रतही मागितली. जन्मदाखला, दिव्यांगत्वाचा दाखला, दोघींची आधार कार्डं, यांचा मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो. शिवाय मुलानं प्रतिज्ञापत्र करून दिलं, की आई पालक व्हायला माझी हरकत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, सून तिथंच एका शाळेत शिकवते. अर्ज मुलानंच रात्री बसून भरला. त्यात एक रकाना होता, पालकत्व कशासाठी हवं आहे. त्यानं लिहिलं, "सर्व बाबींसाठी." मीही वाचलं आणि पुढे गेले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. मी ताईंना विचारलं होतं, माझ्यानंतर भाऊच तिचा पालक ना? त्या म्हणाल्या, "मुलीच्या बाबतीत एकट्या पुरुषाला पालकत्व देत नाहीत. भाऊ असला तरी त्याच्या बायकोला सहपालक व्हावं लागतं, आणि दोघांत तीच मुख्य." आणि मी गेल्यावर ते आपोआप होत नाही, त्या दोघांना नव्यानं अर्ज करावा लागेल.

नियम चांगला आहे. मुलीला न्हाऊ-माखू कोण घालणार, पाळीच्या दिवसांत कोण बघणार, हे ज्यानं नियम लिहिला त्याला ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ असा, की माझ्या सुनेला विचारल्याशिवाय मी तिच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांवर हक्क सांगत होते. लग्न ठरवताना माईबद्दल आम्ही काही लपवलं नव्हतं. पण "आहे घरात एक बहीण" हे सांगणं वेगळं आणि कागदावर नाव घालणं वेगळं.

दिवाळीत ती आली तेव्हा भांडी घासताना मी विषय काढला. म्हटलं, "हे बघ, लगेच काही नाही. मी आहे अजून. पण पुढे कधी वेळ आली तर तुझं नाव लागेल, त्याचं नुसतं नाही, तुझंच आधी. तुला नको असेल तर तसं सांग. मी वेगळी सोय बघते." वेगळी सोय कसली, हे मला तरी कुठं माहीत होतं? न्यासाची 'घरौंदा' नावाची योजना आहे, मोठ्या वयाच्या दिव्यांगांना कायमचं राहता यावं म्हणून. ताईंनी तिच्याबद्दल सांगितलं होतं, पण आमच्या आसपास तसं घर नाही.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मला आत्ता हो म्हणता येणार नाही. मला माईचं काहीच येत नाही. तिची गोळी कधीची असते तेही तुम्ही फोनवर सांगता तेव्हा कळतं. आधी मला शिकवा."

मला हो ऐकायचं होतं, हे खरं. पण हे उत्तर त्याहून खरं होतं. पुढे मे महिन्याच्या सुट्टीत ती पंधरा दिवस एकटी माईबरोबर राहिली आणि मी बहिणीकडे गेले. एकोणीस वर्षांत मी माईपासून सलग पंधरा दिवस कधी लांब राहिले नव्हते. ते पंधरा दिवस माझ्याकडून निभले ते केवळ रोज रात्री येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर.

अर्ज जानेवारी २०२४ मध्ये गेला. फेब्रुवारीत घरभेट झाली. नोंदणीकृत संस्थेच्या एक बाई आल्या. मी वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन चौकश्या केल्या आहेत, बाळ काय खातं, पाणी कुठून आणता, संडास आहे का. त्या दिवशी माझ्या घरात बसून कुणीतरी वहीत लिहीत होतं. माई कुठं झोपते, तिच्या औषधांचा डबा कुठं असतो, मी कामावर गेले की ती कुणाकडे असते. मी नको तितकी स्पष्टीकरणं देत होते. त्या बाईंनी माईला तिचं कपाट दाखवायला सांगितलं. माईनं दार उघडून एकेक फ्रॉक, एकेक ओढणी बाहेर काढली आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हापासून कुणाच्या घरी भेटीला गेले, की मी आधी वही मिटून बसते. चहा झाल्यावर उघडते.

समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असं कायदा सांगतो. मार्चमध्ये होणार होती, तेवढ्यात लोकसभेची आचारसंहिता लागली. जिल्हाधिकारी निवडणुकीत, कचेरीतले लोक निवडणुकीत. एप्रिल, मे, जून. या दरम्यान ठेवीची रक्कम बँकेत तशीच पडून होती आणि गोळ्यांना मी माझ्या मानधनातून पैसे घालत होते. दर पंधरा दिवसांनी फोन करायचे. उत्तर एकच: कळवू. कुणी उद्धट बोललं नाही, पण कुणी तारीखही सांगितली नाही. ज्या घरात दुसरी कमाई नाही त्यांनी असे महिने कसे काढायचे? निवडणुका ठरलेल्या वर्षीच येतात. त्याच्या आधी एक जादा बैठक घेऊन साचलेले अर्ज काढून टाकता येतील, असं मी तेव्हाच लेखी दिलं. कायद्यात तीन महिन्यांतून किमान एकदा म्हटलंय, जास्त वेळा बसायला कुणाची मनाई नाही.

जुलैत बोलावणं आलं. मी, माई, मुलगा आणि सून, चौघं गेलो. शाळेतल्या ताईही आल्या होत्या. व्हरांड्यात सात-आठ कुटुंबं बसलेली. माझ्या शेजारी एक मावशी होत्या, बरोबर तिशीतला मुलगा. त्याला मनाचा आजार, बरीच वर्षं औषधं चालू. त्यांना आतून पाच मिनिटांत परत पाठवलं, कारण मनोविकार या कायद्यात बसत नाही. त्या मला विचारत राहिल्या, "तुमचीला मिळतं आणि माझ्याला का नाही? त्याला तरी कुठं व्यवहार कळतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईंनी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून दिला, तिथं वकील फुकट मिळतो. त्या गेल्या. पुढे काय झालं ते कळलं नाही. आपलं काम होत असताना शेजारच्या बाईचं होत नाही, हे बघणं फार जड जातं.

मग आमचं नाव पुकारलं. मोठं टेबल, मध्ये जिल्हाधिकारी मॅडम, एका बाजूला संस्थेचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला खुर्चीला कुबड्या टेकवून बसलेले एक पन्नाशीचे गृहस्थ. मॅडम कागद चाळत होत्या. ते गृहस्थ मात्र माझ्याकडे न बघता माईला म्हणाले, "बसा. तुमचं नाव काय?"

माईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं दुसऱ्या कुणाला विचारतायत. तिला आजवर कुणी "तुम्ही" म्हटलंच नव्हतं. अठरा पूर्ण झालेल्या बाईला आम्ही सगळे, मी, शाळा, डॉक्टर, रिक्षावाला, अगं-तुगंच करत आलो होतो. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट.

"तुमच्या बँकेत पैसे आहेत. त्याचं काय घ्यायचंय तुम्हाला?"

"बांगड्या. हिरव्या."

"आणायला कुणाबरोबर जाता?"

"वैनी." असं म्हणून तिनं सुनेकडे बोट केलं. मे महिन्यातल्या त्या पंधरा दिवसांत दोघी बाजारात गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, इथं लिहिलंय, पालकत्व सर्व बाबींसाठी. म्हणजे कोणत्या?"

मी गडबडले. मुलगा म्हणाला, "सर, सगळ्यालाच मदत लागते तिला."

"मदत लागणं वेगळं. कोणता ड्रेस घालायचा, काय खायचं, कुणाच्या घरी जायचं, हेसुद्धा कायद्यानं तुम्ही ठरवणार का? मला पाय नाहीत चालायला, म्हणून माझ्या घरच्यांनी माझ्यासाठी सगळं ठरवलेलं मी सोसलंय." ते रागावून नाही, अगदी सावकाश बोलत होते. मॅडम म्हणाल्या, "कायद्यात दोन गोष्टी बघायच्या आहेत. तिला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशाकशासाठी. तुम्ही बाहेर बसून नीट लिहून आणा. शेवटी पुन्हा बोलावते."

पहिल्यांदा मला राग आला. सहा महिने थांबलो, साठ किलोमीटर आलो आणि आता निबंध लिहायचा? व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. सुनेनं पर्समधून वही काढली, मध्ये रेघ मारली. एकीकडे लिहिलं 'माई करते', दुसरीकडे 'पालक लागतो'.

'पालक लागतो' खाली भराभर लिहून झालं. बँकेचं खातं आणि ठेवी. बाबांच्या घरातला हिस्सा. पुढे तिला कुटुंबनिवृत्तिवेतन लागेल त्याचे कागद. ऑपरेशनची वेळ आली तर संमती. सरकारी अर्ज. आणि मग आम्ही थांबलो. 'माई करते' हा रकाना भरायला वेळ लागला, कारण तो आम्ही कधी मोजलाच नव्हता. आंघोळ करते, पाठ चोळावी लागते. केस मी विंचरते, पण वेणीला कोणती रिबीन ते ती ठरवते. पोळी लाटते, भाजत नाही. दहाची आणि शंभरची नोट रंगावरून ओळखते, सुट्टे किती परत यायचे ते कळत नाही. शाळेच्या रिक्षात एकटी जाते. फिट यायच्या आधी डोकं धरून माझ्याजवळ येऊन बसते, म्हणजे होतंय काय ते ती सांगते, फक्त तोंडानं नाही. रुग्णालयात या प्रश्नाला मी "नाही" म्हणून आले होते. कोणाकडे राहायला आवडतं आणि कोणाकडे नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. एका नातेवाइकाच्या घरी ती पाय ठेवत नाही. आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो. लिहिताना सून म्हणाली, "आई, हे हट्टात नको लिहायला. 'माई करते' मध्ये लिहूया. नको म्हणते." मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. त्या घरी तिला आम्ही परत कधी नेलं नाही.

भारतानं संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००७ मध्ये मान्य केलाय. पालकत्व ही गोष्टच त्या कराराच्या उलट जाते, माणसाला निर्णयासाठी आधार द्यावा, त्याचा निर्णय काढून घेऊ नये, असं म्हणणारे बरेच लोक आहेत. ताईंनी मला हे आधी सांगितलं होतं तेव्हा मी चिडले होते. ज्यांना औषधाला पैसे काढायचे नाहीत त्यांनी असं बोलावं, असं वाटलं होतं. आज माझं मत निम्मं बदललंय. ठेवीच्या कागदावर माझी सही लागणारच, त्याला दुसरा मार्ग मला दिसत नाही. पण "सर्व बाबींसाठी" हे शब्द मी कोणत्याही आईला लिहू देणार नाही.

संध्याकाळी पाचला पुन्हा बोलावलं. वहीचं पान त्यांनी तसंच अर्जाला जोडून घेतलं. आदेश तीन आठवड्यांनी हातात आला, समितीच्या शिक्क्यासह. पैसा, मालमत्ता, निवृत्तिवेतन, वैद्यकीय संमती, सरकारी कामं, एवढंच त्यात आहे.

बँकेत तोच कागद घेऊन गेले. नवे साहेब आले होते. त्यांनी वरच्या ऑफिसला विचारतो म्हटलं. पण ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, स्थानिक स्तर समितीनं दिलेला दाखला खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना कळवलेलं आहे. मी तेवढं एक वाक्य शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी खातं सुरू झालं. पहिल्या भेटीतच कुणी मला कोर्टाऐवजी या समितीचं नाव सांगितलं असतं, तर वर्ष वाचलं असतं. म्हणून हे सगळं लिहितेय. ज्यांचं लेकरू सतरा वर्षांचं आहे त्यांनी आत्ताच दाखल्याची तयारी सुरू करावी, वाढदिवसाची वाट बघू नये.

आदेश मिळाला म्हणजे संपलं असं नाही. पालक झालात की सहा महिन्यांच्या आत तुमच्या लेकराच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची. आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, वर्षाचा हिशोब. पैशाची अफरातफर केली किंवा लेकराची हेळसांड केली, तर नातेवाईक किंवा संस्था तक्रार करू शकतात आणि समिती पालकाला काढू शकते. मला हे ऐकून बरं वाटलं. माझ्यानंतर जे कुणी असतील त्यांच्याकडेही कुणीतरी हिशोब मागणार आहे.

यादी करताना एक वाद झाला. हे गेले तेव्हा घराच्या उताऱ्यावर वारस लागायचे होते. मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे मी, मुलगा आणि माई, तिघांचा सारखा हिस्सा. दिरांचं म्हणणं होतं, तिचं नाव कशाला लावता, उगाच पुढे अडचण, भाऊ बघेलच ना तिचं. यात वाईट हेतू नव्हता, आपल्याकडे असंच चालतं. पण मी नाव लावून घेतलं आणि मुलगा माझ्या बाजूनं उभा राहिला. यादीत लिहिलं: ठेव चार लाख आणि त्यावरचं व्याज, बचत खातं, राहत्या घरात एक तृतीयांश, आजीनं दिलेली सोन्याची दोन कुडी. इतक्या वर्षांत माईच्या नावावर काही आहे असं आमच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं. आम्ही तिला सांभाळतो असंच आम्ही म्हणायचो. ती आमच्याबरोबर तिच्याही घरात राहते, हे त्या यादीनं मला दाखवलं.

'निरामय'चंही याच फेऱ्यांत झालं. न्यासाची ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी कसली तपासणी नाही आणि आजार आधीपासूनचा आहे म्हणून नाकारत नाहीत. बाजारातल्या विमा कंपन्यांनी माईला दारातच थांबवलं होतं, त्यामुळे मला हे खरंच वाटेना. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्यांना नोंदणीला ५०० रुपये, मग दर वर्षी नूतनीकरण. रुग्णालयात दाखल होण्याबरोबर बाहेरून घेतलेले उपचार आणि थेरपीचे पैसेही ठरावीक मर्यादेत मिळतात. मात्र आधी आपण खर्च करायचा आणि मग बिलं पाठवायची. माझं पहिलं बिल परत आलं, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा पाठवलं, पैसे आले. आता प्रत्येक चिठ्ठीवर तिथल्या तिथं शिक्का घेते आणि घरी येताच फाइलला लावते.

पहिला वर्षाचा हिशोब जून २०२५ मध्ये द्यायचा होता. सून सुट्टीत आली होती. मी पावत्या काढून जमिनीवर मांडल्या, ती नमुन्यात लिहीत होती. रिक्षा, गोळ्या, चष्मा, शाळेची सहल. माई शेजारी बसून पावत्यांच्या कडा सरळ करत होती. मध्येच तिनं हात पुढे केला आणि बांगड्या वाजवून दाखवल्या.

"या लिहायच्या राहिल्या," सून म्हणाली. "एकशेवीस रुपये. पावती नाही आई, कुठं दाखवू?"

"इतर खर्चात लिही," मी म्हटलं. "आणि पुढे लिही, तिच्या सांगण्यावरून."